निधनाचं साल

"निधनाचं साल सांगा, आजी," सुमेध म्हणाला. त्याची बोटं लॅपटॉपवर तयार होती.

बकुळताईंनी पिशवीतून काढलेली वही पुन्हा मांडीवर ओढली. प्रेम नगरच्या त्या खोलीत चौघंच होती. दर रविवारी सकाळी जमायचं, एक जुनं मराठी नाटक निवडायचं, पात्रं वाटून घ्यायची आणि घरी जाऊन आपापले संवाद फोनवर रेकॉर्ड करायचे. सुमेध ते जोडून इंटरनेटवर ठेवायचा, कुणीही फुकट ऐकावं म्हणून. अट एकच, लेखक जाऊन साठ वर्षं झालेली हवीत, म्हणजे नाटकावर कुणाचा हक्क उरत नाही. सुमेधच्या यादीत त्यासाठी रकाना होता आणि तो भरल्याशिवाय नाटक पुढे सरकत नसे.

तीन रविवार बकुळताईंनी वही आणली होती आणि तशीच परत नेली होती. वडिलांचं नाटक, 'स्टेशनमास्तरांची बदली'. झाशीच्या रेल्वेतल्या मराठी मंडळींच्या गणपतीसाठी लिहिलेला फार्स. पानांचे कोपरे हात लावताच मोडत होते. वडिलांचं म्हणून त्यांच्यापाशी एवढंच होतं. मुलांना मराठी वाचता येत नव्हतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना पक्कं ठाऊक होतं की आपल्यामागे ही वही रद्दीत जाणार.

"साल नाही," त्या म्हणाल्या.

"आठवत नाही का?"

"गेल्याचं कुणी कळवलंच नाही रे. अठ्ठावन्न साली भोपाळला जाऊन येतो म्हणाले. मी सहा वर्षांची होते."

कल्याणीने अलगद वही घेतली. ती छावणीतल्या शाळेत शिकवायची. मराठी झकास वाचायची, बोलायची मात्र हिंदीत. पहिलं पान तिने मोठ्याने वाचलं, "प्रयोगापूर्वी लेखकाची लेखी परवानगी घ्यावी." खाली रेल्वे क्वार्टरचा पत्ता होता. "आजी, इसमें तो परमिशन लेने को लिखा है."

"पत्रं यायची की. आई उत्तर धाडायची, हे बाहेरगावी गेले आहेत, आले की कळवतील. शेवटपर्यंत तिने तेच लिहिलं."

"मग वारस म्हणून तुम्हीच सही करा ना," सुमेध म्हणाला.

"वारस कधी होतं माणूस?"

तेव्हा नारायणराव पुढे सरसावले. पस्तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेला माणूस. कायद्याचा विषय निघाला की त्यांना चहासुद्धा सुचत नसे.

"सात वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही, की कायदा तो मेला असं धरतो. अठ्ठावन्न आणि सात, पासष्ट. पासष्टच्या पुढे साठ, म्हणजे गेलं साल. बकुळताई, यंदा जानेवारीपासून नाटक मोकळं झालं की." त्यांना खरंच आनंद झाला होता.

बकुळताईंना आई आठवली. आई गेली शहाण्णव साली. हिरवं लुगडं, कपाळभर मळवट, भरलेली ओटी. भाग्याची म्हणून बायका तिच्या पाया पडल्या होत्या. तेव्हापासून दर पितृपक्षात बकुळताई अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवायला घालत. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचा तो दिवस. झाशीत मराठी सवाष्ण मिळणं अवघड, पण एक वर्ष चुकलं नव्हतं. वडिलांचं पान मात्र कधीच मांडलं नव्हतं.

पासष्ट लिहायचं म्हणजे आई एकतीस वर्षं विधवा होती. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून कुंकू लावत होती, ते उगीच. वही वाचवायची तर तिचं कुंकू आपल्या हाताने पुसायचं, असं ते होतं. बकुळताईंना आईची इतकी दया आली की त्यांनी वहीसाठी हात पुढे केला.

कल्याणी वाचण्यात दंग होती. पहिल्याच प्रवेशात नवे साहेब येतात आणि स्टेशनमास्तर बायकोच्या आग्रहाने भाजीच्या टोपलीमागे लपतात. ती एकदम हसली. तोंडावर हात ठेवला, तरी हसू थांबेना.

"आजी, ये तो बहुत मज़ेदार है."

वडील दारात उभं राहून आईला संवाद वाचून दाखवायचे तेव्हा आई अशीच हसायची. त्यानंतर या वाक्यांवर कुणी हसलेलं बकुळताईंनी ऐकलं नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला.

"लिही," त्या म्हणाल्या. "एकोणीसशे पासष्ट."

सुमेधने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि चार आकडे टाकले. रकाना भरला. नाटक यादीत बसलं.

मग पात्रं वाटली गेली. नारायणरावांना स्टेशनमास्तर मिळाले, सुमेधला साहेब, कल्याणीला हमालीण. स्टेशनमास्तरांची बायको बकुळताईंनी मागून घेतली. सुमेधने वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि ती सांभाळून त्यांच्या पिशवीत ठेवली.

निघताना दारात चपला घालता घालता त्या नारायणरावांना म्हणाल्या, "बाबांची तिथी कुठली धरायची आता?"

"तिथी ठाऊक नसली की सर्वपित्री अमावास्या. त्यात अडचण काही नाही."

"आणि आईचं? नवमीला नाही ना करता येणार?"

नारायणरावांना आता कळलं आपण मघाशी कसली बेरीज केली ते. ते ओशाळले. मग म्हणाले, "नवमीलाच करा. इथे झाशीत कोण विचारणार आहे?"

"आई विचारेल," बकुळताई म्हणाल्या, आणि पिशवी छातीशी धरून जिना उतरू लागल्या.