पाहुणेघर

पडद्यामागच्या माणसाचं नाव, चेहरा, आवाज, सगळं यंत्राने पुसून टाकलं होतं. आश्रय मागणारा बडा असो की हमाल, सगळ्यांना एकच माप आणि निकाल जागच्या जागी. इलाराने फक्त भीतीचा काटा बघायचा. तो लाल रेघेवर थरथरत होता. भीती खरी होती.

"परत पाठवलंत तर मला पाहुणेघरात डांबतील," पडद्यामागून सपाट आवाज आला.

इलाराचा हात थबकला. तिच्या बेटावर कैद्यांच्या त्या तळघराला सगळे 'विहीर' म्हणत. हसत हसत 'पाहुणेघर' म्हणायचा तो एकटा, सत्ता उलटण्याआधीचा गृहमंत्री. तिचा भाऊ त्या विहिरीतून परत आलाच नव्हता.

"अर्जदाराला ओळखता का?" यंत्राने नेहमीचा प्रश्न विचारला. 'हो' म्हटलं की तिला उठून हा अर्ज दुसऱ्याकडे सोपवावा लागणार होता.

"नाही."

आता त्याचा जीव तिच्या बोटाखाली होता. ती काट्याकडे बघत राहिली. मग दातओठ खात तिने 'मंजूर' दाबलं.

काटा हळूहळू उतरला.

इलारा पडद्याजवळ झुकली आणि बेटाच्या बोलीत म्हणाली, "विहिरीत माझा भाऊ होता, मंत्रीसाहेब."

काटा झपकन लाल रेघेवर गेला आणि तिथून हलेना.