मनोऱ्यावरची जोडी

माळावर तीन बाभळी, विजेचा एक मनोरा आणि मनोऱ्यावर दोन लग्गड ससाणे होते. ज्वारीवरचे पोपट हाकलायला सोडलेले यांत्रिक ससाणे आता गावोगाव दिसत. खरा लग्गड मात्र पक्ष्यांची पाहणी करणाऱ्या इरावतीला कित्येक वर्षांत दिसला नव्हता. अंगातली ऊब मोजणाऱ्या कॅमेऱ्यात खरी जोडी सापडली, तरच हा माळ सौरपट्ट्यांखाली जायचा वाचणार होता.

छोटा नर चोचीत सरडा धरून मादीकडे सरकला.

“यंत्र कशाला सरडा आणतंय, ताई?” मेंढ्या थांबवून बिरूमामा म्हणाले. “नवरा-बायकोच हायेत.”

“मग ती घेत का नाही, मामा?”

“रुसली असंल. आमच्या घरचीबी अशीच.”

इरावती हसली, पण तिचा हात कॅमेऱ्याकडे जाईना. नराने सरडा मादीच्या पायाशी ठेवला, मान लववली आणि तो वाट पाहत राहिला. मादी समोरच बघत होती. वाऱ्याने सरडा खाली पडला, तेव्हा नराने झेपावून तो पुन्हा आणून ठेवला.

मग इरावतीने फोटो घेतला. नराच्या डोळ्यापाशी एकोणचाळीस अंश भरले. मादीच्या डोळ्यापाशी सव्वीस. हवेचं तापमान सव्वीस होतं.