चारवर अडकलेला लाल काटा

"काका, हिच्या समोरच सांगा. आपटल्याशिवाय घड्याळ असं बंद पडतं काय?"

शिशिरनं मनगटावरचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं आणि मागं उभ्या मीराबाईकडे हनुवटीनं खूण केली. नऊ वर्षं त्याच्या घरी स्वयंपाक करणारी बाई. बीरगांवहून रोज दोन ऑटो बदलून यायची. आज मात्र साहेबांनी तिला गाडीत घालून बूढापाऱ्याच्या गल्लीत आणलं होतं, घड्याळवाल्याच्या तोंडून तिचा गुन्हा तिला ऐकवायला.

अच्युतनं घड्याळ उचललं. चाळीस वर्षं या गल्लीत घड्याळं दुरुस्त करण्यात गेली होती. गिऱ्हाईक काय माल आहे, ते त्याला घड्याळाच्या आधी कळायचं.

"चौकोनी आहे, बघा," शिशिर सुरू झाला. "गोल तो सब पहनते हैं. याचे कोपरे पाहून राहिले ना? निळा डायल, आत दोन छोट्या तबकड्या, बाजूला दोन बटणं. सिलतऱ्याच्या फॅक्टरीतल्या मीटिंगमध्ये टेबलावर हात ठेवला की समोरच्याची नजर हटत नाही. डिझाइन म्हणतात याला. पूरे रायपुर में तीन पीस हैं."

आता तो किंमत सांगणार, हे ओळखून अच्युतनं भिंग डोळ्याला लावलं आणि मान खाली घातली.

घड्याळ खरंच देखणं होतं. गोल फिरणारा काटा चौकटीत बसवला की कोपरे बोडके दिसतात. इथं कारागिरानं मिनिटांच्या रेघा कोपऱ्यांकडे हळूहळू लांबवत नेल्या होत्या, आणि काचेला मनगटाच्या अंगानं किंचित बाक दिला होता. कुणीतरी महिनोन्महिने डोकं लावलं होतं. आणि कशासाठी, तर या ठोंब्याच्या हातात पडण्यासाठी! अच्युतला त्या अनोळखी कारागिराची कीव आली.

"बिघडलंय काय?"

"दिसत नाही काय? लंबा वाला लाल काटा. घेतल्या दिवसापासून पळत होता. परवा घड्याळ बेसिनवर राहिलं, हिनं उचललं, आणि तेव्हापासून चारवर अडकून बसलाय. तुम्ही फक्त सांगा, काका. उद्यापासून हिची सुट्टी. आणि आमच्या कॉलनीत दुसऱ्या कोणत्याही घरी काम मिळू देणार नाही."

"म्या पुसून ठेवलं जी. पाडलं नाही," मीराबाई म्हणाली. "काल मोठ्या बाईनं, भैयाच्या आईनं, देवापाशी उभं केलं. माह्या नातवाले घरून आणाले लावलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ खायले लावली. तीन वर्षांचं लेकरू. खाल्ली. आता अजून कोणाची खाऊ?"

"नाटक," शिशिर म्हणाला.

शपथेवर विश्वास ठेवायचा नव्हता, तर लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावला कशाला? अच्युतच्या तोंडावर आलं होतं. त्यानं ते गिळलं आणि घड्याळ उजेडात फिरवलं. चौकोनी घड्याळ पडतं ते कोपऱ्यावर. चारही कोपरे कोरे होते. तास-मिनिटांचे काटे भिंतीवरच्या घड्याळाशी बरोबर जुळत होते. खालच्या छोट्या तबकडीत सेकंदाचा बारका काटा आपला मुकाट्यानं फिरत होता.

अच्युतनं वरचं बटण दाबलं. लाल काटा चारवरून निघाला आणि पळू लागला.

"झालं? इतक्यात?"

"बिघडलंच नव्हतं. हा काटा वेळ सांगायला नाही. एखाद्या कामाला किती वेळ लागला, ते मोजायला आहे. दुकानात दाखवायला कुणी सुरू केला असेल, आणि तुम्ही तसाच पळू दिला. किती दिवस झाले घेऊन?"

"दोन महिने."

"दोन महिने काहीच न मोजता पळत होता बिचारा. पुसताना बाईंच्या फडक्यानं बटण दाबलं गेलं, म्हणून थांबला. तुमच्या घरात त्याचा बरोबर वापर तेवढा एकदाच झाला."

शिशिर हसला. "अच्छा, असा सिस्टम आहे! बढिया." त्यानं हात पुढं केला.

अच्युतनं घड्याळ दिलं नाही. काउंटरच्या मधोमध ठेवलं. "मोजणी चालू आहे. बाईंना काय बोलायचं ते बोला."

"किसको? हिला?"

लाल काट्यानं एक फेरा पुरा केला. शिशिरनं फोन काढला, पाहिला, खिशात घातला. मीराबाई काट्याकडे बघत होती. दुसरा फेराही संपला.

"बरं, जाऊ दे," शिशिर शेवटी म्हणाला. "माफ केलं तुला. चल, गाडीत बस. संध्याकाळी आठ पाहुणे आहेत."

एवढं बोलायला त्याला दोन मिनिटं लागली, आणि बोलला ते हे! अच्युतला थुंकावंसं वाटलं.

मीराबाईनं पदराची गाठ सोडली. आतली चाबी काढून घड्याळाशेजारी ठेवली.

"मागच्या दाराची हाय. पाहुण्यांले तुमीच वाढा, भैया."

ती पायऱ्या उतरली आणि गल्लीपलीकडच्या तलावाच्या बाजूनं चालू लागली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

शिशिरनं चाबी खिशात टाकली, घड्याळ मनगटावर चढवलं आणि गाडीपर्यंत गेला. दार उघडता उघडता त्याची नजर हातावर गेली. लाल काटा पळतच होता. त्यानं एक बटण चाचपलं, मग दुसरं, आणि बिघडेल या भीतीनं बोट मागं घेतलं. तो परत दुकानाशी आला.

"काका, ये बंद कैसे होता है?"

अच्युतनं दुसरं घड्याळ उघडायला घेतलं होतं. त्यानं मान वर केली नाही.

"त्या बाईंना विचारा. त्यांना जमतं."