कुंदनचं बारसं

पनवेलच्या एका पळणाऱ्यांच्या क्लबात दर रविवारी कोणीतरी आधी जाऊन टाकलेल्या मैद्याच्या खुणा शोधत शेताडीतून पळायचं आणि शेवटी गोल करून बिअर प्यायची, एवढाच धर्म. पण नवा माणूस काहीतरी झकास फजिती करेपर्यंत त्याला क्लबातलं नाव मिळत नसे. कोणी ढेकर होता, कोणी फाटकी चड्डी. वर्ष उलटलं तरी कुंदन आपला नुसता कुंदनच. ऑफिसात सगळे त्याला साहेब म्हणत, त्याचं त्याला काही नव्हतं, पण इथे कोणी दुसऱ्याला "ए ढेकर!" अशी हाक मारली की त्याचा जीव जळायचा.

अखेर एका रविवारी, सगळे बघताहेत अशी खात्री करून, तो खाडीच्या चिखलात सपशेल आडवा झाला. लोक पोट धरधरून हसले.

क्लबाचे म्होरके, निवृत्त कॅप्टन गुर्जर, यांनी त्याला गोलाच्या मधोमध उभं केलं.

"घसरलास?"

"हो ना, कॅप्टन. पायच सटकला."

"करंजा बंदरावरच्या कोळ्याचा पोर तू. चिखलात रांगायला शिकलास, आणि चिखलातच घसरलास?"

कुंदनने मान खाली घातली. आता क्लबातूनच हाकलणार, असं त्याला वाटलं. कॅप्टननी बिअरचा मग त्याच्या डोक्यावर रिकामा केला आणि जाहीर केलं, "आजपासून ह्याचं नाव मुद्दाम!"

"मुद्दाम! मुद्दाम!" सगळा गोल ओरडला.

कुंदनचे डोळे भरून आले. तेवढं मात्र आपसूक झालं.