तातडीचं काम

दुरुस्तीवाल्या कंपनीची पांढरी गाडी पुन्हा शेजारच्या कॅसिडीसाठीच आली, हे खिडकीतून दिसलं आणि रोझेलचा जळफळाट झाला.

दोघींचे नवरे सार्जंट, एकाच पलटणीतले, दोघंही परदेशी तैनातीवर. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या छावणीतलं त्यांचं जोडघर, मध्ये एक पातळ भिंत. एसी दोघींचेही बंद. पण घरं सांभाळणाऱ्या कंपनीच्या ॲपवर रोझेलच्या तक्रारीपुढं, कुणी फिरकलं नसतानाच, 'काम पूर्ण' आलं होतं. कॅसिडीच्या तक्रारीपुढं 'तातडीचं'.

"अगं, घरात तान्हं आहे असं लिही की! धावत येतात मेले," कॅसिडी सकाळी खांद्यावरचं बाळ थोपटत हसत म्हणाली होती. मुलासाठी वर्षानुवर्षं देवापुढं पदर पसरणाऱ्या रोझेलला.

दार वाजलं. घामानं निथळत मिस्त्री तिच्याच पायरीवर उभा होता. तिच्या दारावरचा नंबर कधीच गळून पडलेला. ॲपवर तेही काम पूर्णच होतं.

"अकरा-बी ना, बाई?"

बी म्हणजे कॅसिडी. रोझेलनं पलीकडच्या दाराकडे पाहिलं.

"हो. या ना आत."

रेडिओवर पाद्रीबुवा गात गात उपदेश करत होते. ताना अशा, की एरवी तिचे डोळे भरून यायचे. आज तिनं घाईघाईनं रेडिओ बंद केला.

"राहू द्या की," मिस्त्री म्हणाला. "किती गोड गळा! आणि बाळ कुठंय? तक्रारीत लिहिलंय तुम्ही."

"झोपलंय," रोझेल म्हणाली.

त्या भल्या माणसानं लगेच बूट काढले. चवड्यांवर चालला. पाना खाली ठेवायचा तोही कापडावर. काही विचारायचं तर कानाशी कुजबुजल्यासारखं विचारी; तीही तसंच उत्तर देई. शेवटी गार वारा सुटला, तेव्हा दोघंही न बोलता हसले. त्यानं फोनवर 'काम पूर्ण' दाबलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून रडणं आलं. उकाड्यानं कावलेलं, टिपेचं.

"उठलं बघा," मिस्त्री हळहळला. "माझीच खुडबुड झाली असणार. जा जा, घ्या त्याला आधी. मी ओढून घेतो दार."

तो हलेना. दाराशी बूट हातात धरून, मायेनं बघत उभा राहिला.

"आले रे राजा," रोझेल म्हणाली, आणि आतल्या रिकाम्या खोलीकडे चालू लागली.