चौथी वाटी

वाटी पहिली, उकडलेले चणे. डॉक्टरांनी दारू बंद केल्यावर नाडकर्णी आज पहिल्यांदाच मित्रांबरोबर दादरच्या बारमध्ये आले होते. लिंबूसोडा मागवताना त्यांना वाटलं, शुक्रवारची आपली खुर्ची आता गेली. बोलायचं काय, म्हणून चणे त्यांनीच संपवले.

वाटी दुसरी, मीठ लावलेली काकडी.

"नाडक्या, हळू! इथे पेगमागे एक वाटी येते," बर्वे ओरडले. "पेग आमचे तीन आणि चखना खाणार तू एकटा!"

सगळे हसले. नाडकर्णीही ओशाळून हसले.

वाटी तिसरी, खारे शेंगदाणे. तिला त्यांनी हातच लावला नाही. पुढच्या शुक्रवारी न येण्याचं कारण ते मनात जुळवू लागले.

तेवढ्यात वीस वर्षं त्यांचे पेग भरणाऱ्या सदानंद वेटरने त्यांच्यापुढे चौथी वाटी ठेवली. "साहेब, ही सोड्याची."

"हा नियम कधीपासून?"

"आत्तापासून. मालकांना पुढच्या शुक्रवारी सांगेन. तुम्ही या साक्षीला."

बर्व्यांचा हात लगेच वाटीकडे आला.

"हळू, बर्व्या," नाडकर्णी म्हणाले, "सोड्यामागे एकच येते."