शिंप्याचा अंगठा

होडीत पाणबुड्या शिंप्याच्या बायकोच्या पाठीवरच्या हवेच्या टाकीचा पट्टा आवळत होता आणि इकडे शिंप्याचं डोकं तापत होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या बायकांची मापं घेतलेला हा माणूस. पण स्वतःच्या बायकोच्या खांद्याला परक्याचा हात लागला तर लगेच पोटात दुखायला लागलं! त्यातून तो पाणबुड्या चांगला तरणाबांड. पाण्याखाली कुठली खूण कशी करायची, ते तो समजावून सांगत होता. शिंप्याच्या कानात एक अक्षर शिरलं नाही. त्याचं सगळं लक्ष त्या हाताकडे.

होडीखाली, उथळ पाण्यात, बुडालेलं जहाज होतं. बायकोचे वडील त्यावर स्वयंपाकी होते. माणसं वाचली, जहाज तेवढं तळाला गेलं. "बाबांचा भटारखाना एकदा डोळ्यांनी बघायचाय," असा तिनं धोशाच लावला होता.

पाण्यात उतरल्यावर तर कहर झाला. पाणबुड्यानं सरळ तिचा हातच धरला! ती दोघं पुढे, शिंपी मागे. गंजलेल्या कठड्यातून माशांची ये-जा चालली होती. ह्याला दिसत होते ते फक्त दोन हात. भटारखान्याचं दार आलं. पाणबुड्या तिला घेऊन आत वळला, तसा शिंपी पेटला. तोंडात नळी, बोलणार काय? त्यानं मागूनच अंगठा वर केला आणि तावातावानं नाचवला. वा, छान चाललंय! चालू द्या!

पुढच्याच क्षणी बुडबुड्यांच्या गर्दीत कुणीतरी त्याचं मनगट पकडलं आणि त्याला ओढत थेट वर आणलं.

होडीत बायको टॉवेलनं त्याचं डोकं खसाखसा पुसू लागली. "घाबरलात ना? मला आधीच वाटलं होतं!"

"मी? छे!"

"मग अंगठा कशाला दाखवलात?" पाणबुड्या वैतागला होता. "अंगठा म्हणजे 'मला वर न्या'. दोनदा सांगितलं होतं! आता वारा सुटला, आज काही पुन्हा उतरता येणार नाही."

बायकोनं एकदा पाण्याकडे पाहिलं आणि त्याच्या पाठीवर कोरडा टॉवेल टाकला. भटारखान्याचं नावसुद्धा काढलं नाही तिनं.

"तरी बरं, तुझं माझ्याकडे लक्ष होतं," शिंपी पाणबुड्याकडे बघत कसाबसा पुटपुटला.

"माझं कुठलं?" पाणबुड्यानं शिंप्याच्या बायकोकडे बोट केलं. "मला तुमचा अंगठा दिसलाच नाही. काकूंनी बघितला, त्यांनीच ओढून वर आणलं तुम्हाला. खाली गेल्यापासून सारख्या मागे वळून तुमच्याकडेच बघत होत्या, पुढे सरकेनात. म्हणून तर हात धरावा लागला!"